अकराव्या आठवड्यातला खो

सोलापूरच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, पेनच्या टोकानं एका जागी टकटक केलं आणि म्हणाले, "खुब्याच्या वाटीची कड फाटलेली आहे. वय काय?"

"वीस," मी म्हणाले.

"एकविसावं चालू हाय," मागून आप्पा म्हणाले. त्यानं काय फरक पडणार होता कोण जाणे. माझे वडील घाबरले की आकडे दुरुस्त करत बसतात.

"फाटलेली" हा शब्द मी तोवर सलवारीसाठी नाहीतर पोत्यासाठी ऐकला होता. म्हणून सरळ विचारलं, "शिवायला किती दिवस लागतात?" डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "शिवता येतं. पण ते काम मी करत नाही, पुण्याला जावं लागेल. तोवर खेळ बंद आणि उकिडवं बसणं बंद."

खेळ बंद एवढंच मला ऐकू आलं. बसणं बंद हे कानाआड गेलं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

हे मी कुणासाठी लिहितेय ते आधी सांगते. खेळणाऱ्या मुलामुलींच्या जांघेत दुखतं, सगळे म्हणतात लचक भरलीय, आणि दुखणं जात नाही. मग कधीतरी कुणीतरी खुब्याचं ऑपरेशन सांगतं. तेव्हा माणूस मोबाईलवर शोधतो आणि तिथं परदेशातल्या फुटबॉलपटूंच्या गोष्टी सापडतात. बेंबळी गावच्या पोरीची गोष्ट सापडत नाही. ती इथं आहे. फार शहाणपणाची नाही, पण खरी आहे.

मी पाचवीपासून खो-खो खेळते. वडील वीज कंपनीत वायरमन, आईच्या सात शेळ्या, घरात खेळाचं वारं कुणालाच नव्हतं. शाळेतल्या सरांनी मला शेळीमागं पळताना बघितलं आणि मैदानावर नेलं. मागच्या वर्षी मी जिल्ह्याकडून खेळले आणि राज्याच्या संघात राखीव म्हणून माझं नाव आलं. राखीव म्हणजे बाराजणींत, पण नऊजणींत नाही. पुढच्या निवडीत नऊजणींत यायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. पुण्याला दाखवायला गेले तेव्हा ती निवड दहा महिन्यांवर होती.

आमच्या खेळात पळणारीचं कौतुक होतं, बसणारीकडं कुणी बघत नाही. पण पाठलाग करणाऱ्या नऊजणींपैकी आठजणी मधल्या पाटीवर आपापल्या चौकात उकिडव्या बसलेल्या असतात, एकीचं तोंड इकडं तर शेजारणीचं तिकडं. पाठीवर थाप पडली आणि "खो" ऐकू आला की बसल्या जागेवरून सुटायचं. विचार करायचा नाही. विचार केला की उशीर झाला. हे अंगात मुरवायला रोज दोन तास, शेकडो वेळा बसायचं आणि उठायचं. माझा तिसरा चौक. त्यात मी नऊ वर्षं बसले.

दुखणं आलं ते उजव्या जांघेत. आधी फक्त खेळून झाल्यावर, मग खेळताना, मग कॉलेजच्या बाकावर तासभर बसलं तरी. आईनं तेल चोळलं. सरांनी पट्टा दिला. मी गोळी खाऊन तालुक्याचे सामने खेळले आणि जिंकलेही, त्यामुळं दुखणं खोटंच असावं असं मलाही वाटायला लागलं. चार महिने असे गेले. सोलापूरच्या डॉक्टरांनी विचारलं, नेमकं कुठं दुखतं? मी अंगठा मागं आणि बोटं पुढं करून खुबा मुठीत धरला. ते म्हणाले, "या आजाराचे पेशंट असाच हात ठेवतात." मला तर एका जागी बोट ठेवताच येत नव्हतं. तुम्हालाही येत नसेल तर लचक म्हणून गप्प बसू नका.

पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, फेमोरोअॅसिटॅब्युलर इम्पिंजमेंट. हे मी वहीत तीनदा लिहून पाठ केलं, कारण गावात लोक विचारणार होते. अर्थ सोपा आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या वाटीत फिरतो. माझ्या गोळ्याच्या मानेवर हाडाचा छोटा उंचवटा आहे. खोल बसलं की तो वाटीच्या कडेवर घासतो. त्या कडेला कुकरच्या झाकणाला असते तशी एक मऊ रिंग असते, तिला लॅब्रम म्हणतात. ती घासून घासून फाटली.

उपाय आर्थ्रोस्कोपी. म्हणजे सांधा न उघडता बारीक भोकांतून कॅमेरा आणि अवजारं आत घालायची, उंचवटा घासून सपाट करायचा आणि रिंग टाक्यांनी पुन्हा हाडाला बांधायची.

"परत खेळीन का?" मी विचारलं.

"घाई केली नाहीस तर चांगली शक्यता आहे," डॉक्टर म्हणाले. "पळायला चार महिने. खेळायला आठ-नऊ. आणि खोल बसणं सगळ्यात शेवटी, मी सांगेन तेव्हा. त्याआधी नाही."

मी टेबलाखाली बोटं मोजली. आठ-नऊ महिने, निवड दहाव्या महिन्यात. बसत होतं. त्या आनंदात मी बाकीचं नीट ऐकलं नाही. ऐकायचं तेवढंच ऐकायची माझी सवय जुनी आहे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून पाणीही नाही. एका मोठ्या खोलीत आम्ही सहाजण हिरव्या झग्यात रांगेत बसलो होतो, बाकीचे सगळे माझ्या आजोबांच्या वयाचे. एक आजोबा मला म्हणाले, "तुला गं काय झालं पोरी?" खो-खो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, जशी दारू म्हटल्यावर हलवतात. मला आत नेलं तेव्हा आप्पा दाराशी माझ्या चपला हातात धरून उभे होते. खाली ठेवा म्हटलं तर ठेवेनात.

शुद्धीवर आले तेव्हा उजव्या पावलाला काही कळत नव्हतं. मी रडायला लागले. पाय गेला असंच वाटलं. सिस्टरनं सांगितलं, ऑपरेशनमध्ये पाय ओढून सांध्यात फट करावी लागते, त्यानं नस दबून पाऊल बधिर होतं, दोन दिवसांत उतरेल. उतरलं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी वॉर्डभर ऐकू जाईल एवढी रडले नसते. म्हणून तुम्हाला सांगून ठेवते.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. चार आठवडे कुबड्या. गुडघा कमरेच्या वर न्यायचा नाही. मांडी घालायची नाही. खाली बसायचं नाही. आता आमच्या घरात खाली न बसता होणारी एकही गोष्ट नव्हती. जेवण जमिनीवर, चूल जमिनीवर, आणि संडास तर सांगायलाच नको. आप्पांनी प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक करवतीनं गोल कापली आणि ती भांड्यावर ठेवली. कडा खरखरीत राहिल्या, त्यावर त्यांनी वायरला गुंडाळायची काळी टेप गुंडाळली. वर मला म्हणाले, "शॉक बसणार न्हाय आता." मी हसले आणि दार लावून आत रडले.

वीस वर्षांच्या पोरीला आई सलवार घालते, पाय धुते, खाली पडलेला कंगवा उचलून देते. मी आईवर खेकसायचे. ती पाय पुसत राही. शेजारच्या काकू बघायला यायच्या आणि दारातूनच म्हणायच्या, "आता लग्नाचं कसं गं होयाचं?" त्यांना वाटायचं मला ऐकू येत नाही. कमरेला ऑपरेशन झालं होतं, कानाला नाही.

आठवड्यातून तीनदा धाराशिवला फिजिओथेरपीला जायचं. मॅडमचं नाव निलोफर. उंच, कडक, आणि हात लोखंडाचे. पहिले दोन आठवडे त्या मला नुसतं कुशीवर झोपवून गुडघा चार बोटं वर उचलायला लावायच्या. चार बोटं! मी राज्याच्या संघातली राखीव, आणि दहाव्या वेळी पाय थरथरायचा. "मॅडम, दुसरं काहीतरी द्या की," मी म्हणायचे. त्या म्हणायच्या, "आधी हे तर कर नीट. तुझं डोकं मैदानात आहे आणि खुबा अजून दवाखान्यातच आहे."

पाचव्या आठवड्यात कुबड्या सुटल्या. आठव्यात सायकल, चाक नसलेली, जागेवरची. दहाव्यात जिना न धरता चढले. मॅडम पहिल्यांदा हसल्या. मला वाटलं, झालं. आता फक्त दिवस भरायचे. इथंच माझं चुकलं. दुखणं थांबलं म्हणजे टाके भरले असं होत नाही, हे त्यांनी मला किमान पाच वेळा सांगितलं होतं.

अकराव्या आठवड्यातल्या शनिवारी मी मैदानावर गेले, फक्त बघायला. सर कामाला धाराशिवला गेले होते. पोरी आपल्या आपण सराव करत होत्या. दोघींच्या घरी लग्न होतं, त्यामुळं बसायला एक कमी पडत होती, आणि मोकळा होता तो तिसरा चौक.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांना हे कळणार नाही. पाटीवर एक जागा मोकळी असली की सगळं बिघडतं. कुणाचं तोंड कुठं, खो कुणाला, सगळा हिशेब चुकतो. लहानपणापासून आम्हाला शिकवलंय की चौक मोकळा ठेवायचा नाही, कोण नसेल तर रस्त्यानं जाणाऱ्या पोरीला बोलवून बसवा. त्या दिवशी कुणी सापडलं नाही म्हणून पोरींनी माझ्या चौकात दप्तर ठेवलं.

माझ्या जागेवर दप्तर! माझं डोकं फिरलं.

मी गेले, दप्तर उचलून बाजूला टाकलं आणि बसले.

"मने, डॉक्टर वरडतील की गं," अश्विनी म्हणाली. अश्विनी माझी जोडीदारीण, दुसऱ्या चौकात बसणारी, पहिलीपासूनची मैत्रीण.

"डॉक्टर पुण्यात हायेत. म्या नुसती बसती. मला खो देऊ नका म्हंजे झालं."

बसताना जांघेत ओढ लागली, पण दुखलं नाही. मातीचा वास आला. अडीच महिन्यांनी मला मी असल्यासारखं वाटलं. हे खोटं कशाला लिहू, मला फार सुख झालं.

सराव सुरू झाला. पाच-सात मिनिटं सगळ्याजणी मला चुकवून खेळल्या. मग अश्विनी पाठलागावर आली. समोरची पोरगी माझ्या शेजारून पाटीपलीकडं निसटली आणि अश्विनीनं नऊ वर्षं जे केलं तेच केलं. माझ्या पाठीवर थाप पडली. खो.

मी उठले असं मी म्हणणार नाही. पायच उठले. दोन पावलं पडली आणि खुब्यात कट्ट असा आवाज झाला, बाहेर ऐकू जाईल एवढा. मी मैदानाच्या मधोमध उभी राहिले आणि मला पाय पुढं टाकता येईना.

अश्विनी तोंडावर हात धरून रडत होती. "म्या मुद्दाम न्हाय गं दिला, मने. हात गेला." मला माहीत होतं. तिचा हात गेला, माझा पाय गेला. दोघींपैकी कुणाच्याच डोक्याला कुणी विचारलं नव्हतं. मी तिला म्हणाले, "घरी सांगू नको. कुणालाच सांगू नको." इतर पोरींनाही शपथ घातली. आणि घरी जाऊन सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला.

दोष दुसऱ्या कुणावर जाईल असं मला वाटलं नव्हतं. मला फक्त शिव्या नको होत्या. पण खोटं घरात एकदा शिरलं की आपल्या मर्जीनं बसत नाही. आप्पांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला, "जरा घसरल्यावर सुटतंय म्हंजे टाकेच नीट घातले न्हाईत." मग ते चहाच्या टपरीवर बोलले. खांबावर चढायला गेले तिथं बोलले. जिथं लाईट गेली तिथं लाईट आणताना बोलले. बेंबळी आणि आसपासच्या चार गावांत झालं, पुण्याच्या डॉक्टरनं वायरमनच्या पोरीचं वाटोळं केलं. आप्पा नाव घेऊन सांगत होते. मी खाटेवर पडून ते ऐकत होते.

पाय खाली टेकवला की कळ यायची. पुन्हा कुबड्या. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. दिवसभर छताकडं बघायचं आणि निवडीला किती महिने उरले ते मोजायचं. अश्विनी रोज संध्याकाळी यायची, पायाशी बसायची. तिनं सरावाला जाणंच सोडलं होतं. मी तिला जा म्हणायचे, आणि ती गेली असती तर मला राग आला असता.

निलोफर मॅडमनी पाय तपासला. वळवून बघितला, कुशीवर बघितलं, पाठीमागं बघितलं. मग म्हणाल्या, "कुठं घसरलीस?"

"बाथरूममध्ये."

"कुठल्या बाजूवर पडलीस?"

"उजव्या."

"मग नीळ कुठाय? खरचटलेलं कुठाय? मनीषा, घसरलेला माणूस आदळतो. तू आदळलेली नाहीस, तू खाली बसून उठलीयस." मी मान खाली घातली. त्या पडदा ओढून जवळ आल्या. "मला नको सांगूस. मला कळून काय उपयोग नाय. कापणारा जो आहे त्याला सांग. त्याला गलत माहिती दिलीस तर तो गलत जागी कापेल."

तरी मी सांगितलं नाही. हे लिहायला मला आज लाज वाटते, पण लिहिते.

या वेळी एमआर आर्थ्रोग्राम केलं. म्हणजे आधी सांध्यात सुई घालून फिल्मवर उठून दिसणारं औषध सोडतात आणि मग एमआरआय काढतात, म्हणजे बारीक फाटही दिसते. सुई दुखते. त्याहून जास्त त्रास त्या नळीत अर्धा तास न हलता पडण्याचा होतो, कारण तिथं विचाराशिवाय दुसरं करायला काही नसतं.

चार दिवसांनी आम्ही पुण्याला. बाहेरच्या खोलीत अडीच तास. आप्पा काय बोलायचं त्याची तयारी करत होते. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, मग स्वतः फिल्म बघितली, मग पहिल्या ऑपरेशनचे फोटो संगणकावर काढले. बराच वेळ ते आमच्याकडं पाठ करून बसले होते. म्हणाले, "मी कुठं कमी पडलो ते बघतोय."

मी फिल्मवरून नजर काढून घेतली.

"टाके दोन जागी सुटलेत. साध्या घसरण्यानं सुटायला नको होते," ते म्हणाले. "याचा अर्थ हाडाचा उंचवटा माझ्याकडून थोडा राहिला असावा. तो आतून घासत राहिला. परत आत जाऊन हाड अजून कमी करावं लागेल असं दिसतंय."

"म्हंजे तुमची चूक हाय तर," आप्पा म्हणाले. आवाज चढला होता.

"असू शकते," डॉक्टर म्हणाले. नुसतं तेवढंच. चिडले नाहीत, टाळलं नाही.

ओरडले असते तर मी गप्प राहिले असते. पण पांढऱ्या केसांचा माणूस न केलेली चूक मान खाली घालून कबूल करत होता, आणि माझं चांगलं हाड खरवडायला निघाला होता, माझ्या खोटेपणावर विश्वास ठेवून. मला ते सोसवेना.

"सर, मी घसरले नाही," मी म्हणाले. "मी चौकात बसले होते. पाच-सात मिनिटं. मला खो मिळाला आणि मी उठले."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त बघत राहिले. टपरीवर, खांबाखाली, चार गावांत बोललेलं सगळं एकदम आठवत असावं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "मला राग आलाय," ते म्हणाले, "पण तो नंतर. आधी नीट सांग." किती खोल बसले, टाच टेकलेली होती का, कुठल्या पायानं जोर दिला, आवाज कधी झाला, सगळं त्यांनी विचारलं आणि लिहून घेतलं. मग पुन्हा फोटो बघितले. "मग हाडाला हात लावायचं कारण नाही. हाड बरोबर घासलेलं आहे. टाके अकरा आठवडे व्यवस्थित होते. त्यांच्यावर नको तेव्हा भार आला."

"मग आता?"

"परत शिवता येईल. पण परत तशी बसलीस तर परत सुटेल, आणि प्रत्येक वेळी आतली कूर्चा झिजेल. कूर्चा म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण. ते परत येत नाही, आणि तुझं थोडं गेलेलंच आहे. चाळिशीत खुबा बदलायची वेळ येईल. मला विचारशील तर ऑपरेशन नको. चार महिने व्यायाम करून बघू. तू चालशील, पळशील, बहुतेक काही न दुखता. पण तेवढं खोल बसून झटक्यानं उठणं आता नाही."

 ते जरा पुढं वाकले. खो-खो त्यांनी लांबूनच बघितला असेल, कारण त्यांनी विचारलं, "फक्त पळणारी म्हणून नाही का खेळता येणार? क्रिकेटमध्ये कुणी नुसती बॅटिंग करतं तसं? बसल्याशिवाय नाही चालणार?"

किती मनापासून विचारलं त्यांनी. त्यांना वाट काढायची होती. आणि त्या खोलीत त्याचं उत्तर फक्त मला माहीत होतं. आमच्याकडं ज्या नऊजणी पळतात त्याच नऊजणी बसतात. बसणारी नसेल तर तिला कुणी संघात घेत नाही, आणि घेऊही नये. मीसुद्धा घेतली नसती.

"न्हाय चालत," मी म्हणाले.

तर माझा खेळ डॉक्टरांनी बंद केला नाही. त्यांनी विचारलं आणि बंद झाल्याचं मी सांगितलं.

बाहेर आल्यावर आप्पांनी मला बाकावर बसवलं आणि पुन्हा केबिनच्या दाराशी गेले. दारावरच्या माणसानं नंबर विचारला. नंबर नव्हता. मग ते तिथंच भिंतीला टेकून उभे राहिले. पेशंट आत जात होते, बाहेर येत होते. जवळजवळ तासानं मधली फट सापडली आणि आप्पा आत गेले. अर्ध्या मिनिटात बाहेर आले. काय बोलले ते मी विचारलं नाही. डोळे लाल होते.

गाडीत लातूरचं एक कुटुंब शेजारी बसलं होतं, त्यांच्यासमोर आम्हाला भांडता आलं नाही. घरी पोचल्यावरही आप्पा भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि जिथं जिथं बोलले होते तिथं तिथं जाऊन सांगून आले, "डॉक्टरची चूक न्हवती. आमच्या पोरीनं पथ्य मोडलं." टपरीवर लोक हसले म्हणे. आप्पांनी हसू दिलं. त्या दिवसांत मी घराबाहेर पडले नाही. पडायला तोंडच नव्हतं.

ज्यांना या वाटेनं जायचंय त्यांना मी एवढंच सांगेन. पथ्य मोडू नका हे तुम्हाला सगळेच सांगतील, आणि तुम्ही खेळाडू असाल तर तरीही मोडाल, मला ठाऊक आहे. मोडलं तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगा. शिव्या खा. शिव्यांनी हाड कमी होत नाही. आणि टाके भरत नाहीत तोवर मैदानाच्या जवळही फिरकू नका. मनाला कितीही समजावलं तरी अंगाला खो कळतो.

डॉक्टरांचे आणि निलोफर मॅडमचे उपकार मी कसे फेडू मला माहीत नाही. मॅडमनी त्यानंतर कधी त्या दिवसाचा विषय काढला नाही. फक्त चार बोटांचा व्यायाम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. या वेळी मी दुसरं काही मागितलं नाही.

त्याला आता सात महिने झाले. मी आता बेंबळीच्या रस्त्यानं सकाळी तीन किलोमीटर पळते, सरळ, वळण न घेता. दुखत नाही. जेवायला आजही खुर्ची लागते.

निवड झाली. पुन्हा सरावाला लागलेल्या अश्विनीचं नाव नऊजणींत आलं. ती पेढे घेऊन आधी आमच्याकडं आली आणि दारात उभी राहिली, आत यायला धजेना. मी तिला ओढून मिठी मारली आणि मला खरंच आनंद झाला. ती गेल्यावर मी पेढा आईच्या हातात दिला, मला गिळवेना. त्या दिवशी मला तिचा इतका हेवा वाटला की तिचं वाईट व्हावं असंही एकदा मनात येऊन गेलं. ते मनात आलं म्हणून मी आणखी रडले.

परवा आप्पा खाटेवर शेजारी येऊन बसले. बराच वेळ पक्कड उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "आता फुडं काय करायचं ठरवलंस?"

"काय बी सुचत न्हाय, आप्पा."

मला वाटलं आता समजूत घालतील, पोलीस भरतीचं काढतील, नाहीतर पोरींना शिकव म्हणतील. सरही तेच म्हणतात, सगळेच म्हणतात.

"मला बी न्हाय," आप्पा म्हणाले.

वर्षभरात मला इतकं बरं कुणाच्याच बोलण्यानं वाटलं नव्हतं. दोघंही खरं बोललो होतो.